गच्चीवरचा पाऊस

ज्यांनी ज्यांनी हौसेनं घराच्या गच्चीवर वेदर स्टेशन बसवलंय, त्यांचा पहिला पावसाळा साधारण एकाच वळणानं जातो. जूनमध्ये कौतुक. दर दहा मिनिटांनी मोबाईल उघडायचा आणि 'आत्तापर्यंत बारा मिलिमीटर' असं घरच्यांना ऐकवायचं. जुलैमध्ये संशय. पेपरात शहराचा पाऊस एक, आपल्या डब्याचा दुसरा, आणि आपला बहुतेक वेळा कमीच. ऑगस्ट उजाडेपर्यंत खात्री पटते, की डबा काहीतरी गडबड करतोय. मग सेटिंग्जमध्ये शोधाशोध सुरू होते आणि एक रकाना सापडतो: पावसाच्या आकड्याला कितीनं गुणायचं. तिथे १.०० असतं. ते १.१५ केलं की पेपरशी जमतं. झालं, सुटला प्रश्न.

माझा एक मित्र (आमच्यातलाच, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा) याच टप्प्यावर होता. त्याचं स्टेशन इमारतीच्या सर्वांत उंच जागी, पाण्याच्या टाकीवर. का, तर आजूबाजूला काही अडथळा नको. त्यानं विचारलं, फॅक्टर किती टाकू, आणि गेल्या दोन वर्षांचे जुने आकडेही त्यानंच गुणून टाकू का?

मला पहिल्यापेक्षा दुसऱ्या प्रश्नाची धडकी जास्त भरली. कारण याच जातीचा प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये पडला होता. त्याचं नीट उत्तर मिळायला पंचाण्णव वर्षं लागली, आणि त्या जुन्या आकड्यांमुळे झालेला घोळ निस्तरायला थेट २०२० साल उजाडलं.

तर गोष्ट सुरू होते एका डॉक्टरपासून. विल्यम हेबर्डन हे अठराव्या शतकातले लंडनचे मोठे वैद्य. छातीत कळ येण्याच्या विकाराचं, म्हणजे अंजायनाचं, पहिलं नेमकं वर्णन त्यांचं. पण त्या काळातल्या शिकल्यासवरलेल्या माणसांप्रमाणे त्यांना बाकीचेही दहा नाद होते. लंडनमध्ये जेमतेम मैलभर अंतरावरच्या दोन पर्जन्यमापकांचे आकडे जुळत नाहीत, हे त्यांच्या नजरेत आलं. फरक एखाद्या महिन्याचा असता तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण जवळपास प्रत्येक सरीत एकाच भांड्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी. बरं, भांडी खराब म्हणावीत तर तसंही नाही. फरक एवढाच होता की एक भांडं आसपासच्या सगळ्या धुराड्यांच्या वर होतं आणि दुसरं बरंच खाली.

हेबर्डननी मग तेच केलं जे कुठलाही चांगला टेस्टर करेल. बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलली. एक भांडं घराच्या छपरापेक्षा खाली, दुसरं त्याच घराच्या माथ्यावर धुराड्यांहून उंच, आणि तिसरं चक्क वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या छपरावर. जुलै १७६६ पासून पुढचं वर्षभर मोजमाप. वर्षाअखेरची बेरीज अशी: खालच्या भांड्यात २२.६०८ इंच, घराच्या माथ्यावर १८.१३९ इंच आणि अ‍ॅबेवर १२.०९९ इंच. आपल्या भाषेत साधारण ५७४, ४६१ आणि ३०७ मिलिमीटर. म्हणजे घराच्या माथ्यावर ऐंशी टक्के आणि अ‍ॅबेवर निम्म्याहून जरासा जास्त. शहर तेच, ढग तेच, वर्ष तेच!

हा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७६९ मध्ये छापून आला आणि विद्वान मंडळी कामाला लागली. आकड्यांवर फारशी शंका कुणी घेतली नाही. प्रश्न होता 'का?'चा. हेबर्डनना स्वतःला वाटलं की यात विजेचा काहीतरी अजून न कळलेला गुणधर्म असावा. हसू नका. आज जसं कुठल्याही प्रश्नावर कुणीतरी 'एआय' म्हणून मोकळं होतं, तशी तेव्हा वीज होती. आणि विजेचे दादा असलेले खुद्द बेंजामिन फ्रँकलिन यांनी या कोड्यावर विचार करून वेगळंच उत्तर सुचवलं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की थेंब वरून थंडगार येतो आणि खाली येताना वाटेतल्या हवेतली वाफ त्याच्यावर जमत जाते. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम येतो तसंच. म्हणजे थेंब पडता पडता पुष्ट होतो, आणि जमिनीजवळ पाऊस खरोखरच जास्त असतो.

हे उत्तर ऐकायला फार गोड आहे. आणि माझ्या मते या सगळ्या कथेतली खरी मेख इथेच आहे, म्हणून जरा थांबू या. फ्रँकलिनचं बरोबर धरलं, तर अ‍ॅबेवरचे १२ इंच हा चुकीचा आकडा नाहीच. त्या उंचीवर तेवढाच पाऊस पडला, भांड्यानं तो इमानदारीत मोजला. दुरुस्ती करायची गरजच नाही; फार तर उंचीप्रमाणे एक तक्ता बनवायचा. पण जर पाऊस वर-खाली सारखाच असेल आणि भांडंच तो नीट पकडत नसेल, तर १२ हा साफ खोटा आकडा आहे. मोजणी तीच, तक्ता तोच, पण कारण बदललं की करायची दुरुस्ती पार उलटी होते. हेबर्डनकडे गुणक तयार होता, १.८७. त्याचं करायचं काय, हे मात्र ठाऊक नव्हतं.

पुढची साठ-सत्तर वर्षं फ्रँकलिनच्या बाजूनं वारं होतं. १८३० च्या दशकात यॉर्कमध्ये भूगर्भशास्त्रज्ञ जॉन फिलिप्स आणि त्यांचे सहकारी विल्यम ग्रे यांनी तिथल्या भल्याथोरल्या कॅथीड्रलवर, म्युझियमच्या छपरावर आणि जमिनीवर अशी तीन भांडी ठेवून हाच प्रयोग तीनेक वर्षं चालवला. उतरण पुन्हा तीच. शिवाय हा फरक ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो हेही त्यांच्या ध्यानात आलं. फिलिप्स हुशार माणूस, त्यांनी या सगळ्याला बसणारं सूत्रसुद्धा बांधलं. आणि अर्थ लावला तो थेंब वाढण्याचाच. डेटाला सूत्र चपखल बसलं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही, हे आपल्या धंद्यात वर्षातून एकदा तरी कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. त्याचं हे एकोणिसाव्या शतकातलं उदाहरण.

वाऱ्यावर संशय घेणारे लोक मधूनमधून होतेच. त्यातला एक तर फ्रँकलिनच्या घरचाच निघाला! अलेक्झांडर डॅलस बॅश हे बेंजामिन फ्रँकलिनचे पणतू. त्यांनी फिलाडेल्फियात एका मनोऱ्यावर वेगवेगळ्या कोपऱ्यांत भांडी ठेवून पाहिली. उंची सगळ्यांची एकच, तरी आकडे वेगळे. वारा कुठून येतो यावर कुठल्या कोपऱ्यात जास्त पाणी ते ठरायचं. पणजोबांचा थेंब खरोखर वाटेत पुष्ट होत असता तर त्याला मनोऱ्याचा कोपरा कसा कळला असता? पण ही टिपणं विखुरलेली राहिली. कुणी त्यांची मोट बांधली नाही.

ती बांधली १८६१ मध्ये पंचविशीतल्या एका तरुणानं. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स. हे नाव अर्थशास्त्र शिकलेल्यांना माहीत असेल. सीमांत उपयोगितेचा सिद्धांत मांडणाऱ्यांपैकी हा एक. कोळसा संपत चाललाय असा इशारा देणारं १८६५ चं पुस्तकही त्याचंच. आणि आपल्या जमातीसाठी खास माहिती: बूलच्या तर्कशास्त्रावर चालणारं, पियानोसारखी बटणं असलेलं एक यंत्र यानं बनवलं होतं. म्हणजे आपलाच पूर्वज. पण हे सगळं नंतरचं. त्याआधी हा पोरगा ऑस्ट्रेलियात सिडनीच्या टांकसाळीत धातूंची कसोटी घेण्याची नोकरी करत होता आणि फावल्या वेळात हवामानाच्या नोंदी ठेवत होता. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात थर्मामीटर आणि पर्जन्यमापक. ओळखीचं वाटतंय ना? :)

जेव्हन्सनं लंडनला परतल्यावर लिहिलेल्या निबंधात आधी जुन्या उत्तराचा हिशेब मांडला. अ‍ॅबेचं छप्पर ते जमीन एवढ्याशा अंतरात पाऊस जवळपास दुप्पट व्हायचा, तर ढगापासून छपरापर्यंत जेवढं पाणी आलं जवळजवळ तेवढंच पाणी या एवढ्याशा थरातल्या हवेनं द्यायला हवं. एवढी वाफ त्या हवेत असतेच कुठे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! शिवाय वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. एवढं पाणी जमायचं तर थेंब वाटेतच कोमट झाला असता आणि जमणं थांबलं असतं. म्हणजे हा सिद्धांत हिशेबातच बसत नाही.

मग खरं कारण. नदीच्या पुलाच्या खांबापाशी पाणी कसं दोन्ही बाजूंनी वेग घेऊन जातं, तसा वारा घरावरून, मनोऱ्यावरून आणि अगदी पर्जन्यमापकाच्या भांड्यावरूनही वेग घेऊन वर उचलला जातो. थेंब त्याच्याबरोबर पुढे ओढले जातात. भांड्याच्या तोंडात पडायचे ते थेंब त्याला ओलांडून पलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला जाऊन पडतात. पाऊस कुठे वाढत नाही, कुठे घटत नाही. मोजायला ठेवलेली वस्तूच त्याला बाजूला ढकलते. उंचावर वारा जास्त म्हणून तूट जास्त. हिवाळ्यात वारा जोराचा आणि हिम हलकं म्हणून तेव्हा तूट आणखी जास्त. बॅशचे कोपरे, फिलिप्सचे ऋतू, हेबर्डनची अ‍ॅबे, सगळं एका फटक्यात जागेवर बसलं.

आता गंमत बघा. कारण कळल्यावर सोपा मार्ग हाच होता, की प्रत्येक उंचीसाठी गुणक काढायचा आणि देशभरच्या जुन्या-नव्या आकड्यांना लावायचा. ज्या माणसाच्या हातात हे होतं त्यानं ते केलं नाही. जॉर्ज जेम्स सायमन्स. १८६० साली बावीस वर्षांच्या या तरुणानं ब्रिटनभर पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांचे आकडे गोळा करायला सुरुवात केली. पहिल्या वर्षीच्या ताळ्यात १६८ ठिकाणं होती. १९०० मध्ये तो गेला तेव्हा तीन हजारांवर. पाद्री, डॉक्टर, जमीनदार, शाळामास्तर, बागांचे माळी. बहुतेक सगळे बिनपगारी, भांडंही बहुधा पदरमोड करून घेतलेलं. ओपन सोर्स म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी सायमन्सचं नाव सांगतो.

एवढ्या लोकांचे आकडे एकमेकांशी ताडायचे तर मोजायची रीत एक हवी. सायमन्स स्वतः गावोगाव हिंडून लोकांची भांडी तपासायचा, तोंडाचा व्यास मोजायचा, किती चूक निघाली ते आपल्या वार्षिकात छापायचा. (आपल्या कोडचा रिव्ह्यू कुणी छापून देशभर वाटला तर आपल्याला कसं वाटेल!) विल्टशरमधल्या काल्न गावी कर्नल वॉर्ड नावाच्या गृहस्थांनी वेगवेगळ्या व्यासांची आणि उंचींची भांडी शेजारीशेजारी मांडून वर्षानुवर्षं नोंदी केल्या. त्यातून कळलं की तोंड लहान-मोठं असण्यानं फारसं बिघडत नाही, पण उंचीनं बिघडतं. आणि जमिनीलगतच्या पहिल्या काही फुटांतच बराच फरक पडतो. मग जमिनीच्या पातळीलाच का ठेवू नये? तर आजूबाजूला आपटलेल्या थेंबांचे शिंतोडे आत जातात. शिंतोडे अडवायला भांड्याभोवती ब्रशासारखे केस लावायची कल्पना थॉमस स्टीव्हन्सननी १८४२ मध्येच मांडली होती. हेच ते, ज्यांची पांढरी झिलमिळ्यांची पेटी आजही वेधशाळेत थर्मामीटरभोवती दिसते, आणि ज्यांचा मुलगा 'ट्रेझर आयलंड'चा लेखक. आज संदर्भासाठी वापरतात तो पर्जन्यमापक खड्ड्यात, कड जमिनीच्या पातळीला आणि वर शिंतोडे अडवणारी जाळी, असाच असतो. पण तीन हजार पाद्र्यांना आणि माळ्यांना खड्डा खणायला लावणं शक्य नव्हतं. म्हणून तडजोड: पाच इंच व्यासाचं भांडं, कड जमिनीपासून एक फूट वर, आसपास मोकळी जागा. दुरुस्ती आकड्यात नाही केली, भांड्याच्या जागेत केली.

हेच भांडं पुढे साम्राज्याबरोबर आपल्याकडे आलं. शेतकीच्या आणि सिव्हिलच्या पाठ्यपुस्तकांत 'सायमनचा पर्जन्यमापक' म्हणून ज्याची आकृती काढून मार्क मिळवले जातात तो हाच सायमन्स. भारतीय हवामान विभागाच्या साध्या पर्जन्यमापकाची कडही जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे त्याच एका फुटावर असते. (मोजण्याची परंपरा आपल्याकडे खूप जुनी आहे, हे इथे सांगायलाच हवं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलंय, आणि प्रदेशवार आकडेही दिलेत: गोदावरीकाठच्या अश्मकात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस, आणि अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणात, अमाप. कोकणासाठी आकडा देण्याच्या भानगडीतच तो पडला नाही, हे मला फार आवडतं.)

आता परत टाकीवर येऊ. टाकीवरचं स्टेशन हे अ‍ॅबेवरचंच भांडं आहे, फक्त प्लास्टिकचं. पण त्यात आणखी एक भानगड असते, जी हेबर्डनच्या भांड्यात नव्हती. आपल्या घरगुती स्टेशनांत बहुतेक वेळा नरसाळ्याखाली सीसॉसारखी दोन छोटी पन्हळं असतात. एक भरलं की कलंडतं, दुसरं खाली येतं, आणि प्रत्येक कलंडण्याला एक टिक मोजली जाते. आपोआप कलंडून रिकाम्या होणाऱ्या भांड्याची कल्पना ख्रिस्तोफर रेनची, १६६० च्या दशकातली. पुढे रॉबर्ट हुकनं १६७९ मध्ये त्याच्यासह हवामानाच्या नोंदी कागदाच्या पट्टीवर भोकं पाडून करणारं घड्याळ बांधलं. पंच्ड टेप, तीही सतराव्या शतकात. असो.

या सीसॉची अडचण अशी, की कलंडायला थोडा वेळ लागतो आणि त्या क्षणात वरून येणारं पाणी आधीच भरलेल्या पन्हळात जाऊन वाया जातं. हिशेब करून बघू. नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर आणि एक टिक ०.२ मिलिमीटरची धरली तर एका टिकेला ४ मिलिलिटर पाणी लागतं. ताशी २० मिलिमीटरच्या पावसात दर ३६ सेकंदांनी एक टिक. कलंडताना समजा ०.३ सेकंदाचं पाणी हुकलं, तर तूट एक टक्क्याहून कमी. पण ताशी १०० मिलिमीटरचा पाऊस कोसळायला लागला की दर ७.२ सेकंदांनी टिक, आणि तूट चार टक्क्यांच्या वर. २०० ला गेला की आठच्या वर. म्हणजे पाऊस जितका जोराचा तितकं यंत्र जास्त कमी सांगणार.

आणि वाऱ्याची तूट? तिचं नेमकं उलट. टपोरे थेंब जड, ते वाऱ्याला फारसे बधत नाहीत. वाऱ्यावर तरंगत येते ती भुरभुर, आणि ती भांड्याला वळसा घालून जाते. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शिकेत वाऱ्यामुळे होणारी तूट पावसासाठी साधारण २ ते १० टक्के आणि हिमासाठी १० ते ५० टक्के दिलीय, तीही नीट जागी ठेवलेल्या भांड्यांसाठी. टाकीवरच्या डब्याबद्दल बोलायलाच नको.

तर एक चूक धो-धो पावसात वाढते, दुसरी वाऱ्यासकटच्या रिमझिमीत. आणि आपण दोघींना मिळून एक आकडा देतो, १.१५. महिन्याची बेरीज पेपरशी जुळेलही. पण वळवाच्या संध्याकाळचा आकडा चुकेल, झडीच्या दिवसाचा वेगळ्या दिशेनं चुकेल, आणि पुढच्या वर्षी पावसाचा स्वभाव बदलला की बेरीजही चुकेल. तो रकाना निर्मात्यानं ठेवलाय तो सीसॉ कारखान्यातून थोडा बेतशीर आला नसेल तर त्यासाठी. त्याची कसोटी सोपी आहे: एक लिटर पाणी मोजून घ्यायचं, बारीक भोकाच्या बाटलीतून तासाभरात हळूहळू नरसाळ्यात सोडायचं, आणि टिका मोजायच्या. वरच्या मापाच्या यंत्रात २५० यायला हव्यात. २३८ आल्या तर १.०५ टाका, माझी काही हरकत नाही. त्या गुणकामागचं कारण आपल्याला माहीत आहे. वाऱ्याची तूट मात्र त्या रकान्यात कोंबू नये. त्यासाठी डबा खाली आणावा, आणि आजूबाजूच्या वस्तूंच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ठेवावा. सोसायटीत एवढी जागा कुठे, हा प्रश्न रास्त आहे. मग निदान बागेच्या कोपऱ्यात एक साधं प्लास्टिकचं नळकांडं ठेवून रोज सकाळी साडेआठला बघावं. वेधशाळेचा पावसाचा दिवस तेव्हाच संपतो.

शेजारच्या केंद्रांशी ताडणं ही जलशास्त्रातली जुनी आणि चांगली रीत. आपली वाढत जाणारी बेरीज एका अक्षावर, आसपासच्या चार-पाच ठिकाणांची सरासरी बेरीज दुसऱ्यावर. रेघ सरळ गेली तर ठीक. अमुक तारखेपासून तिचा कल मोडला तर त्या तारखेला काय झालं ते शोधायचं: झाड वाढलं, शेजारी मजला चढला, नरसाळ्यात कबुतरानं संसार मांडला. पण हे बऱ्याच महिन्यांच्या बेरजेवर करायचं, एका दिवसावर नाही. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. शेजाऱ्याशी जुळत नाही म्हणून त्या दिवशीचा आकडा कुणी 'दुरुस्त' केला असता तर? दोन्ही आकडे खरे होते.

राहिला मित्राचा दुसरा प्रश्न, जुन्या आकड्यांचा. इथे इंग्लंडनं दीडशे वर्षं काय भोगलं ते ऐकण्यासारखं आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या पावसाची महिनावार मालिका १७६६ पासूनची आहे. योगायोगानं हेबर्डननी भांडी मांडली तेच साल. जगातल्या सर्वांत लांब मालिकांपैकी एक. आणि तिच्यात एक स्पष्ट कल दिसायचा: हिवाळे अधिकाधिक ओले होत चाललेत, उन्हाळे कोरडे. अडीचशे वर्षांचा कल म्हटल्यावर त्याचं वजन केवढं! २०२० मध्ये कॉनर मर्फी आणि सहकाऱ्यांनी हवेचा दाब आणि तापमान यांच्या जुन्या नोंदींवरून त्या काळात साधारण किती पाऊस पडायला हवा होता ते काढून पाहिलं. १८७० च्या आधीचे हिवाळे मालिकेत खऱ्यापेक्षा कोरडे निघाले. कारण? तेव्हाची भांडी हिम नीट पकडत नव्हती. पुढे सायमन्सची एक फुटाची शिस्त लागली, हवाही उबदार होत गेल्यानं हिम कमी झालं, आणि भांड्यात जास्त पाणी दिसू लागलं. १८२० च्या आधीचे उन्हाळे उलट जास्त ओले निघाले, कारण मोजणारी ठिकाणं फारच थोडी होती. म्हणजे त्या दीर्घ कलाचा मोठा भाग आभाळातला नव्हता, मोजणीतला होता. (हवामान बदलतच नाही असा याचा अर्थ कुणी काढू नये. प्रश्न सुरुवातीच्या शंभर वर्षांच्या आकड्यांचा आहे.)

हे शोधता आलं, कारण जुन्या आकड्यांवर मधल्या काळात कुणी सरसकट गुणक फिरवला नव्हता. विचार करा, १८३५ मध्ये फिलिप्सच्या सूत्रानं कुणीतरी सगळे आकडे 'सुधारून' मूळ वह्या फेकून दिल्या असत्या तर आज काय हातात असतं? मित्राला मी तेवढंच म्हटलं: जुन्या फाइलला हात लावू नकोस. दुरुस्त आकडा शेजारच्या रकान्यात लिही, का आणि कधीपासून ते तिथेच लिही.

वह्या खरोखरच टिकल्या. ब्रिटनच्या हवामान खात्याकडे सायमन्सच्या संघटनेचे आणि पुढचे असे सुमारे ६६,००० कागद आहेत, प्रत्येकावर एका ठिकाणच्या दहा वर्षांचा महिनावार पाऊस. २०२० च्या वसंतात, लॉकडाउन लागल्या लागल्या, रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी लोकांना हाक दिली: घरी बसलाच आहात तर हे आकडे संगणकावर चढवा. सोळा हजारांवर स्वयंसेवकांनी पन्नास लाखांहून जास्त नोंदी सोळा दिवसांत चढवल्या. त्यामुळे ब्रिटनची अधिकृत पावसाची मालिका १८३६ पर्यंत मागे गेली आणि सर्वांत कोरडं वर्ष १८८७ नसून १८५५ होतं हे समोर आलं. कागदांवर आकड्यांसोबत शेरेही आहेत. लेडी बेनिंग नावाच्या बाईंनी १८३५ ते १८८७ पाऊस मोजला, आणि लंडनच्या मेजवान्यांच्या हंगामाला जाताना त्या आपलं भांडंही बरोबर नेत असत. त्या महिन्यांचा पाऊस गावचा नाही, लंडनचा. पण ते लिहून ठेवलंय म्हणून आज कळतं.

त्या ढिगातली सर्वांत जुनी नोंद १६७७ ची आहे. त्याच वर्षी लँकशरमध्ये रिचर्ड टाउनली नावाच्या गृहस्थांनी पाऊस मोजायला सुरुवात केली होती. पावसात बाहेर जायला लागू नये म्हणून त्यांनी नरसाळं बसवलं होतं घराच्या छपरावर, आणि तिथून पाइप सोडला होता थेट झोपायच्या खोलीपाशी.